अमेरिकेतली मुलं, कोल्हापूरचे आई-बाबा आणि ब्रिटिश जहाज

मुलगा एच-वन-बी या अमेरिकन नोकरीच्या व्हिसावर, सून ग्रीन कार्डवाली, नातवंडं जन्मानं अमेरिकन आणि आई-बाबा कोल्हापूरचे. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात अशी घरं आता पुष्कळ आहेत. सगळ्यांनी मिळून ब्रिटिश कंपनीच्या जहाजानं इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदरातून फिरून यायचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती केबिन बाल्कनीची घ्यायची की आतली, यावर. ती चर्चा मागे ठेवा. आधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा, त्यांत ज्याला सर्वांत जास्त व्हिसा लागतात तो पासपोर्ट बाजूला काढा आणि त्याला झेपेल असा मार्ग निवडा. जहाज आणि तारीख त्यानंतर.

नातवंडांचं काम सर्वांत सोपं. अमेरिकन पासपोर्टला ब्रिटनसाठी व्हिसा लागत नाही, पण ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते. ती तान्ह्या बाळालाही वेगळी काढावी लागते. फोनवरच्या अ‍ॅपमधून पासपोर्ट आणि चेहरा स्कॅन करायचा. उत्तर बहुधा लगेच येतं, तरी तीन कामाचे दिवस हातात ठेवा. मुदत दोन वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. मधेच पासपोर्ट नवा केला तर ईटीएही नवी काढायची. लहान मुलांचे अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, त्यामुळे हे त्यांच्याच बाबतीत जास्त घडतं.

खरी फसगत होते ती ग्रीन कार्डाची. ग्रीन कार्ड हा अमेरिकेत राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. सुनेचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिला ईटीए मिळत नाही. सासूबाईंना लागतो तोच ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा तिलाही लागतो, आणि जहाज युरोपच्या बंदरात जाणार असेल तर शेंगेनही, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. एच-वन-बीवाल्या मुलाचं आणखी एक आहे. त्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीसाठी मिळणारी सवलत ब्रिटनहून परतताना चालत नाही. जहाजानं परत या नाहीतर विमानानं, चालू शिक्का हवाच. तो नसेल तर परतीच्या प्रवासात त्याला चढूच देणार नाहीत.

आता आई-बाबा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, शेंगेनचा सहा महिने आधी. बोटांचे ठसे द्यायला कोल्हापूरहून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. ब्रिटनच्या व्हिसाला ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरा. शेंगेनची मुदत पंधरा दिवसांची असली तरी कधीकधी पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाते. पासपोर्ट मात्र एकच असतो आणि सहसा तो एका वेळी एकाच कार्यालयात अडकलेला असतो. म्हणून शेंगेन आधी आणि ब्रिटन नंतर, हा क्रम कॅलेंडरात नीट बसतो. ज्या देशाकडे शेंगेन मागताय त्यांनी आधी ब्रिटनचा व्हिसा दाखवा म्हटलं, तर क्रम उलटा होतो आणि सगळं तीन महिन्यांत कोंबावं लागतं. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायचीच मारामार असते, तेव्हा यात जीव टांगणीला लागतो.

‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही, जहाजावर बसून राहू, मग व्हिसा कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. कागद मार्गावरच्या सगळ्या बंदरांप्रमाणे तपासले जातात आणि ते अपुरे असतील तर साउथॅम्प्टनच्या काउंटरवरूनच माघारी पाठवतात. पैसे परत मिळत नाहीत. व्हिसावर किती वेळा आत शिरता येतं, तेही बघा. फ्रान्सचं शेरबुर्ग, मग गर्न्सी बेट, मग बेल्जियमचं झेब्रुख असा मार्ग असेल तर गर्न्सीला तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात आणि बेल्जियमला पुन्हा आत शिरलात. तिथे एका प्रवेशाचा व्हिसा अपुरा पडतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. तिथं ब्रिटनच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर भारतीय पासपोर्टवाल्याला वेगळा आयरिश व्हिसा लागत नाही. अट एवढीच की आधी ब्रिटनमध्ये प्रवेश झालेला हवा.

हे सगळं मांडून बघितलं की अशा मिश्र कुटुंबासाठी एक मार्ग उठून दिसतो, तो म्हणजे साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क. कनार्ड या ब्रिटिश कंपनीचं क्वीन मेरी २ हे जहाज ही फेरी बहुतेक वेळा सात रात्रींत करतं. मधे बंदर नाही, म्हणजे शेंगेनचा प्रश्नच नाही. आई-बाबांना ब्रिटनचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा बी-वन-बी-टू हा भेटीचा व्हिसा, जो मुलगा तिकडे असलेल्या बहुतेकांकडे आधीपासून असतोच. त्यांनी मुंबईहून लंडनला यावं, मुलांनी अमेरिकेहून यावं, दोन-चार दिवस लंडन बघावं आणि सगळ्यांनी मिळून जहाजानं मुलाच्या घरी जावं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले ते बोटीनंच. तेव्हा बोट हे पोहोचण्याचं साधन होतं. अटलांटिकवर नियमित फेऱ्या करत माणसं पोहोचवायचं ते काम हे एक जहाज आजही करतं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

दिशा मात्र पश्चिमेचीच धरा. ब्रिटन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळात पाच तासांचं अंतर आहे. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात आणि वयस्कर माणसांची झोप मोडत नाही. पूर्वेकडे येताना तोच तास रोज कापला जातो. इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील तर सरकत्या वेळेचा तक्ता निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते.

उत्तर अटलांटिक हिवाळ्यात खवळलेला असतो, जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात शांत. न्यूफाउंडलंडच्या जवळ उन्हाळ्यातही दाट धुकं लागतं आणि भोंगा रात्रभर वाजू शकतो. त्यानं घाबरून जायचं कारण नाही. केबिन निवडताना जहाजाचा मधला भाग आणि खालचा मजला घ्या. जहाज सी-सॉसारखं पुढं-मागं झुलतं तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात. स्टॅबिलायझरचे पंख बाजूचं डोलणं कमी करतात, पुढचं-मागचं झुलणं नाही. पश्चिमेकडे जाताना डावी बाजू दक्षिणेला येते, त्यामुळे बाल्कनीत ऊन हवं असेल तर डावी बाजू मागा. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलटी व्हायला लागल्यावर ती पोटात टिकतच नाही.

बंदरं बघायचीच असतील तर दुसरी मोठी कंपनी पी अँड ओ. तिची सुरुवात १८३७ ची, कनार्डची १८४० ची. आज दोन्ही कार्निव्हल या एकाच समूहात आहेत, पण जहाजावरचा रिवाज वेगळा आहे. पी अँड ओवर हिशोब पौंडात होतो आणि टिप भाड्यातच धरलेली असते. अमेरिकेत वाढलेली मुलं सवयीनं वीस टक्के टिप ठेवायला जातात, त्याची तिथं गरज नाही. कनार्डवर हिशोब डॉलरमध्ये असतो आणि रोजचा माणशी सेवाआकार खात्यात आपोआप चढू शकतो, तेव्हा बुकिंग करतानाच तो भाड्यात आहे की वेगळा, हे विचारून घ्या. पी अँड ओची ऑरोरा आणि आर्केडिया ही जहाजं फक्त प्रौढांसाठी आहेत. नातवंडं बरोबर असतील तर चुकून ती निवडू नका. तान्ह्या बाळाचं वय अटलांटिकच्या फेरीसाठी निदान बारा महिने पूर्ण हवं.

फॉर्म भरताना दोन चुका सारख्या होतात. ब्रिटिश फॉर्मवर तारीख आपल्यासारखी लिहितात, आधी दिवस मग महिना. अमेरिकेतली मुलं आधी महिना लिहितात. ५ ऑगस्टचा जन्म ८ मे होऊन बसतो आणि चेक-इनला पासपोर्टशी जुळत नाही. दुसरी चूक नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते जसंच्या तसं, त्याच रकान्यात भरा. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. व्हिसा लागल्यावर पासपोर्ट बदलला तर सगळंच पुन्हा विस्कटतं.

आता जेवण. कोल्हापूरच्या माणसाला खरी काळजी याचीच असते आणि ती रास्त आहे. ब्रिटिश ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरलेलं असतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. जेली आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. ख्रिसमस पुडिंगमध्ये पूर्वापार गोमांसाची चरबी घालतात. यॉर्कशर पुडिंग दिसायला फुगलेल्या वाटीसारखं निरुपद्रवी असतं, पण ते बीफच्या चरबीत भाजलेलं असू शकतं. पुडिंग म्हटलं की गोडच, असंही नाही. ब्लॅक पुडिंग हे रक्ताचं सॉसेज आहे. बीफ खात नसाल तर कॉटेज पाय टाळा, त्यात बीफ असतं. त्याच्यासारखाच दिसणारा शेपर्ड्स पाय मेंढीच्या मटणाचा असतो. मटण हवं असेल तर मेनूत ‘लॅम्ब’ शोधा. जैन जेवण, अंड्याशिवायचं जेवण हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. ते दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवून त्यातलं काय बदलायचं ते विचारतात, आणि हे काम मनापासून करतात. जहाजांवर गोव्याचे, मुंबईचे कर्मचारी भेटण्याचीही बरीच शक्यता असते. पी अँड ओच्या अनेक जहाजांवर सिंधू नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे आणि कनार्डच्या क्वीन अ‍ॅनवर अरण्य. दोन्हीकडे भाड्याव्यतिरिक्त पैसे पडतात. तांबड्या रश्श्याची चव तिथं शोधू नका. ब्रिटिश करी सौम्य आणि गोडसर असते, पण चिरलेली हिरवी मिरची मागितली तर आणून देतात.

बरोबर नेताना कंपनीच्या सीलबंद पाकिटातला कांदा-लसूण मसाला किंवा शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. चहाचं सामान आणि किटली केबिनमध्ये असते. स्वतःची किटली, इस्त्री किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर बॅगेच्या तपासणीत काढून ठेवतात.

विजेचं थोडक्यात. आपला गोल पिनांचा प्लग ब्रिटिश चौकोनी सॉकेटात बसत नाही, अ‍ॅडाप्टर लागतो. मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो कुठंही चालतो. सुनेचा ११० व्होल्टचा हेअर ड्रायर मात्र ब्रिटिश सॉकेटात जळेल. फोन सुटतानाच फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि बिल हजारोंत येतं.

कनार्डवर संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि सात रात्रींत साधारण दोन गाला रात्री, म्हणजे खास समारंभी पोशाखाच्या रात्री, असतात. त्यासाठी टक्सिडो भाड्यानं घ्यायची गरज नाही, राष्ट्रीय पोशाख चालतो. बाबांचा बंदगळा आणि आईची पैठणी त्या हॉलमध्ये कुणापेक्षाही कमी दिसणार नाही. कोल्हापुरी चपला तिथं शोभतात, पण ओल्या डेकवर त्यांचा चामड्याचा तळ घसरतो. बाहेर फिरायला रबरी तळाचे बूट हवेत.

जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेशी त्याचा संबंध नसतो. विम्यात क्रूझचा आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. बीपी, साखर काहीही लपवू नका, नाहीतर दावा नाकारतात. अमेरिकेत राहणाऱ्या पासष्टीपुढच्यांचं मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, अमेरिकन बंदरापासून सहा तासांहून जास्त लांब असलेल्या जहाजावर लागू होत नाही. आणि हात साबणानं धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

साउथॅम्प्टनला आदल्या दिवशीच पोहोचा. हीथ्रोवरून बसनं सुमारे दोन तास लागतात. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. हीथ्रोवर अमेरिकन पासपोर्टवाले ई-गेटमधून, म्हणजे पासपोर्ट स्कॅन केला की उघडणाऱ्या दारातून, झटकन बाहेर पडतात आणि आई-बाबा लांब रांगेत उरतात. भारतीय पासपोर्टवाल्या मुलाची रांगही तीच, त्यानं त्यांच्याबरोबरच उभं राहावं.

शेवटच्या दिवशी जहाज पहाटेच्या अंधारात व्हेराझानो पुलाखालून न्यूयॉर्कमध्ये शिरतं. त्याच्या धुराड्याची उंचीच त्या पुलाला धरून ठरवलेली आहे. आई-बाबांना उठवा, स्वेटर घालून वर न्या. ब्रुकलिनच्या धक्क्यावर उरलेला मसाला कस्टम्सला सांगा. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री आई-बाबांचं आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद, ऑनलाइन काढून त्यावरची राहण्याची शेवटची तारीख बघा. कोल्हापूरचं परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं हवं.