तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रा जाड आहे का?

कॉलनीत कुणाकडे नवी गाडी आली की पेढे हातात पडतात, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बॉनेटवर जातो. पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आधी पुण्याकडे चाकणला आणि आता इथं नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो आणि तो माझ्याकडेच येतो: "अंगठ्यानं दबते जी हा पत्रा. गाडी मजबूत कशी म्हनता?"

उत्तर असं की जो दबतो तो पत्रा तुम्हाला वाचवण्यासाठी बसवलेलाच नाही. बाहेरचा पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीचा असतो. आकार, रंग आणि पाऊस-धूळ बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम. वाचवणारं पोलाद आत असतं, प्लास्टिकच्या आणि रबराच्या मागे. शोरूममध्ये ते कुणी दाखवत नाही.

आधी थोडं गणित. ताशी 56 किलोमीटर वेगानं गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग 60 सेंटिमीटर चेंबत थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी त्याच्या वजनाच्या वीसपट धक्का बसतो. बेल्ट लावलेलं धडधाकट शरीर तेवढं क्षणभर सोसतं. तीच गाडी पुढून इतकी टणक असली की 10 सेंटिमीटरमध्येच थांबली, तर धक्का 120 पटीच्या वर जातो. ते कुणालाच सोसत नाही. म्हणून गाडीचं नाक चेंबलंच पाहिजे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी 1951 मध्ये याच विचारावर पेटंटचा अर्ज केला: पुढचा-मागचा भाग चुरगळू द्यायचा, माणसं बसतात ती मधली खोली टिकवायची. अपघातग्रस्त गाडीचा फोटो पाहून लोक हळहळतात, "पुढचा पूर्ण चुरा झाला". मी आधी दारं पाहतो. दारं चौकटीत सरळ असतील तर तो चुरा कामी आला.

आता ती मधली खोली. दोन दारांमधला खांब, ज्याला आम्ही बी-पिलर म्हणतो, छताच्या कडा, दाराच्या पोटातला आडवा दांडा, या भागांनी वाकायचंच नाही. बाजूनं धडक बसली तर तुमच्या बरगड्यांपासून बाहेरची गाडी वीतभरच लांब असते. चेंबायला जागाच नाही. इथं लागतं बोरॉनचं पोलाद. त्यात कार्बन 0.22 टक्के, थोडं मँगनीज आणि बोरॉन अगदी चिमूटभर, दहा लाख भागांत वीस ते पन्नास. पण तेवढ्यानंच ते पोलाद थंड होताना पूर्ण कडक होऊ शकतं.

हा भाग थंड पत्र्यावर प्रेस मारून होत नाही. इतकं कडक पोलाद आकार घेत नाही, तडकतं, नाहीतर डाय उघडली की परत फाकतं. म्हणून उलटं करायचं. मऊ असतानाच पत्रा कापून भट्टीत 900 ते 950 अंशांवर लालबुंद करायचा, यंत्राच्या हातानं काही सेकंदांत डायमध्ये ठेवायचा आणि दाबायचा. डाय मात्र थंड, तिच्या पोटातून पाणी फिरत असतं. दाबून तसाच धरून ठेवला की पत्रा तिथंच विझतो. खेड्यातला लोहार विळ्याला पाणी पाजतो तेच हे काम, फक्त पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये डाय असते. या रीतीचा उगमही तसाच आहे. 1970 च्या दशकात स्वीडनमध्ये ती गवत कापायच्या यंत्रांच्या पात्यांसाठी निघाली आणि 1984 मध्ये साब या तिथल्याच कंपनीनं ती मोटारगाडीत आणली.

भट्टीत जाण्याआधी हे पोलाद चौरस मिलिमीटरला साधारण 60 किलो ओढ सोसतं, डायमधून बाहेर आल्यावर 150 किलो. बाहेरच्या साध्या पत्र्याची ताकद तीसच्या आसपास. म्हणजे जाडी न वाढवता पाचपट.

मला झोप लागू न देणारी गोष्ट याच टप्प्यावर आहे. पत्र्याची उष्णता सेकंदाला निदान 27-30 अंशांनी उतरली पाहिजे. डाय आणि पत्रा यांच्यामध्ये कुठं केसाएवढी फट राहिली, एखादी पाण्याची वाट क्षारांनी तुंबली, की तेवढाच भाग सावकाश थंड होतो आणि मऊ राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. आकार बरोबर, मापं बरोबर. भाग मधून कापून कडकपणा मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून आमच्या कामात डायचा आकार काढणं सोपं, तिच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा आखणं कठीण. तरुण मुलं थ्रीडी मॉडेलच्या बाहेरच्या रूपात रमतात. मी त्यांना आधी पाणी कुठून येतं, कुठं जातं ते विचारतो.

सगळा खांब सारखा कडक ठेवणंही शहाणपणाचं नाही. हे पोलाद पाच-सहा टक्क्यांच्या पुढं ताणलं की तुटतं. काही बी-पिलरांत म्हणून खालचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात. तिथं डाय थंड नसते, चारशे अंशांच्या वर तापवलेली असते. धडक बसली की खांब खाली, बसणाऱ्याच्या कमरेखाली वाकतो आणि छातीसमोर सरळ राहतो. इतक्या विचारानं केलेलं हे काम मला फार सुंदर वाटतं.

आणि म्हणूनच वाईट वाटतं, जेव्हा आपल्याकडे लोक नव्या गाडीला समोर जाड लोखंडी गार्ड लावतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. गार्ड धक्का थेट मुख्य दांड्यांवर नेतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक चुकीची कळू शकते. चेंबण्यासाठी राखलेली जागाच आपण पैसे देऊन बुजवतो.

"स्टार किती आहेत?" हाही प्रश्न असतो. गाड्या आदळवून पाहून सुरक्षेचे स्टार देणारी आपली चाचणी, भारत एनकॅप, 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली हे चांगलंच झालं. पण तिच्यातली समोरची धडक ताशी 64 किलोमीटरची असते. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मुभा आहे. तिथं ऊर्जा साडेतीन पट होते. त्या वेगात थेट आदळल्यावर पाच स्टारवर भिस्त ठेवू नका.

जुनी गाडी घेत असाल तर मात्र अंगठा नका वापरू. दार उघडा आणि चौकटीचं रबर हलकेच ओढून काढा. आत कंपनीचे स्पॉट वेल्ड दिसतील, गोल खळगे, एका ओळीत. ते दिसत नसतील, पुटी भरलेली असेल किंवा वेल्डिंगची रेघ दिसत असेल, तर खांबाचं काम झालंय. आणि वाकलेला खांब डेंटरनं गॅस मारून सरळ केला असेल, तर डायमध्ये विझताना मिळालेली ताकद तिथंच गेली. असा खांब सरळ करायचा नसतो, कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं बदलायचा असतो. स्वस्त मिळतेय म्हणून ती गाडी घेऊ नका.