तुम्ही विचारलंत म्हणून: नोबेलचा विषय मी का सोडला

"मॅडम, ज्याला नोबेल मिळालं त्याच विषयावर काम करत होतात ना? मग सोडलंत का?" ऑक्टोबरात नोबेलच्या बातम्या आल्या की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या क्लासमध्ये कोणीतरी पालक हे विचारतातच. इतकी वर्षं मी ‘सासूबाईंची तब्येत’ सांगून सुटत आले. सासूबाई ठणठणीत होत्या. त्यांची माफी आधी मागते.

विषय होता जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकी क्षेत्र लावलं की धातूच्या पातळ थरांचा विद्युतरोध खूप घटणं; आम्ही नुसतं जीएमआर म्हणायचो. 1988 मध्ये फ्रान्सला आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी तो वेगवेगळा शोधला. नोबेल 2007 चं. फेर यांच्या नमुन्यात लोखंडी थरांमधलं क्रोमियम जेमतेम 0.9 नॅनोमीटर होतं. तेवढी जाडी जमली की शेजारचे लोखंडी थर उलट्या दिशांना चुंबकतात. मग बाहेरून क्षेत्र लावलं की सगळे एका दिशेला वळतात, एका स्पिनच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व) इलेक्ट्रॉनांना आरपार मोकळी वाट मिळते आणि रोध घसरतो. 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 सेल्सियसच्या थंडीत, सुमारे 2 टेस्लाच्या चुंबकी क्षेत्रात तो जवळजवळ निम्म्यावर आला. त्याआधी लोहचुंबकी धातूंत काही टक्के फरक पडला तरी पुष्कळ वाटायचा, आणि तो प्रकार 1857 पासून माहीत होता.

मी कोबाल्ट आणि तांब्याचे थर स्पटरिंगने, म्हणजे आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून, चढवत असे. तांब्याची जाडी थोडी चुकली तरी थरांमधला दुवा उलटतो, शेजारी आपणहून एकाच दिशेला बसतात आणि जीएमआर गायब. माझी चुकत असणार. वर्षभर रोधात टक्क्याच्या आतच काहीतरी फरक मिळत होता.

मग एका रात्री 7 टक्के आले.

त्या रात्रीबद्दल मला अजून राग येतो, म्हणून नीट सांगते. क्षेत्र वाढवलं, रोध उतरला. दिशा उलटी केली तरी तेवढाच उतरला, जीएमआरमध्ये उतरावा तसाच. तीनदा मोजलं. सकाळी गाईडना आलेख दाखवला, त्यांनी परिषदेला सारांश पाठवायला सांगितला, मी पाठवला. आठवडाअखेर पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडला उतरले ती आईसाठी साडी घेऊनच. आलेख एका ठिकाणी सपाट व्हायला हवा होता. माझा नुसता उतरतच होता. मी तो पाहिला होता. "चुंबकाची ताकद कमी पडतेय" असं स्वतःला समजावलं होतं.

परत गेल्यावर एका ज्युनिअर मुलाने सहज विचारलं, "ताई, नुसतं तांबं मोजून पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. नमुना धरणाऱ्या होल्डरवर साध्या तांब्याचा थर लावला. तांब्यात चुंबकत्वाचं नाव नाही, आणि 7 टक्के आले. अगदी तेच 7.

दोष होल्डरच्या, नमुन्याला टेकून रोध मोजणाऱ्या पिनांचा. आत पोलादी स्प्रिंग, वरून निकेल. दोन्ही चुंबकाला ओढले जाणारे. झिजून सैल झालेल्या त्या पिना क्षेत्रात एकमेकींकडे सरकत, मधलं अंतर कमी होई आणि रोध घटल्यासारखा दिसे. आजही अंबडला प्लेटिंगवाल्याची पाटी दिसली की मी मान फिरवते.

सारांश मागे घेतला. कोणी ओरडलं नाही. चूक आपणच शोधली, आपणच सांगितली, यात लाज कसली, असं मी लोकांना सांगत असे. पण चूक मी शोधली नव्हती, त्या मुलाने शोधली होती. आणि मला बोचत होतं ते पिनांचं नव्हतंच. हवा तो आकडा आल्यावर मी तपासणं थांबवलं, हे बोचत होतं.

गाईड म्हणाले, "पिना बदलू, कामाला लाग." चुंबकाला न ओढल्या जाणाऱ्या बेरिलियम-कॉपरच्या पिना आल्यासुद्धा. मी सुट्टीवर नाशिकला आले ती परत गेलेच नाही.

तेव्हाची मी म्हणायची, प्रामाणिकपणापायी सोडलं. आज ऐकायला ते फारच सोज्वळ वाटतं. नव्या पिनांनी मोजून पुन्हा टक्क्याच्या आतच आलं असतं तर? ती भीती होती. पण निव्वळ भीती म्हटलं तर तेही पटत नाही, कारण त्या रात्रीनंतर मला कुठलाच आलेख, दुसऱ्यांचासुद्धा, शांतपणे बघता येत नव्हता. 2007 मध्ये बातमी आली तेव्हा मी बारावीला ओहमचा नियम शिकवत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या, जणू बक्षीस मलाच मिळालं. मी त्यांना थांबवलं नाही.