अलिबागला हॉल बघायला गेलो आणि मुहूर्तच बदलून आलो

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ताई मला समुद्राच्या काठी लग्न करायचंय, गोवा नको, अलिबागच. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही तिथेच जायचो त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटलं नाही. गुरुजींनी फेब्रुवारीतले दोन गोरज, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचे, मुहूर्त काढून दिले, एक शुद्ध सप्तमीचा रविवार आणि दुसरा वद्य द्वितीयेचा बुधवार. रविवार म्हटल्यावर दोन्हीकडच्यांनी तोच धरला आणि डिसेंबरात मी, आई आणि भाऊ ठिकाण बघायला निघालो.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने गेलो, कारण मुलाकडचे दादरचे आणि त्यांना ही वाट कशी वाटेल ते स्वतः बघायचं होतं. गाडी खाली लावायची, वर येऊन बसायचं, तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. आमचे डोंबिवलीचे पाहुणे मात्र बसने पनवेल, पेण, वडखळ करत येतील. आजीला बोटीचा त्रास होतो त्यामुळे ती पण बसनेच.

आईचं म्हणणं होतं की आधी कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीच्या कानावर घालायचं, मग बाकीचं. राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं मंदिर आहे ते. साडेदहाला किनाऱ्यावर पोचलो तर किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी. घोडागाडीवाले काका म्हणाले, "आज तेरस ना? पावणेदहाला भरती झाली. तीनला या, चालत जाल." घड्याळ नाही, मोबाईल नाही, नुसती तिथी. मी विचारलं हे कसं काढलं, तर त्यांनी बोटांवर करून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. तेराची पाऊणपट पावणेदहा. तिथून सहा तास पुढे गेलं की ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावरच्या माणसाचं काम भागतं.

भावाने तिथेच हिशोब केला. सप्तमी म्हणजे सातची पाऊणपट, सव्वापाच. म्हणजे आमच्या गोरज मुहूर्ताला भरती नुकतीच होऊन गेलेली आणि पाणी अजून जवळच! काका म्हणाले सप्तमीला भांगाची भरती असते, पाणी उधाणासारखं सुरूच्या झाडांपर्यंत चढत नाही, पण फार मागेही जात नाही, चाळीस माणसं असतील तर ठीक, तुमची दीडशे माणसं आणि मांडव म्हणजे अडचण होईल. वद्य द्वितीयेला मात्र भरती दुपारी दीडला आणि ओहोटी पावणेआठच्या सुमाराला, म्हणजे सूर्य बुडताना पाणी मागे मागे जात असतं आणि समोर लांबच लांब ओली, घट्ट वाळू.

हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर एका रिसॉर्टवाल्याकडे गेलो, त्याने फोटो दाखवले, "प्रायव्हेट बीच" म्हणाला, पॅकेज सांगितलं, आणि भरती किती वाजता असते विचारल्यावर म्हणाला की मॅडम आपण मॅनेज करू. किनारा हा कोणाच्या मालकीचा नसतो, वाळूवर काही उभारायचं तर परवानग्या काढाव्या लागतात आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे सगळं आम्हीच त्याला विचारून विचारून काढलं. तिथून उठलो.

तीन वाजता मात्र किल्ल्यात चालत गेलो. घोट्याएवढं पाणी, आईने साडी वर खोचली आणि सरळ चालायला लागली. गणपतीपुढे तिने बहिणीचं आणि होणाऱ्या जावईबापूंचं नाव घेतलं, पहिली पत्रिका घेऊन परत येते म्हणाली.

मग नागाव. तिथे एका मावशींची माड-पोफळीची वाडी आहे, मागच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडलं की किनारा. बघताक्षणी कळलं की हेच. होम, सप्तपदी आणि जेवणं वाडीत, वाळूवर फक्त अंतरपाट आणि मंगलाष्टकं, म्हणजे वाळूवर काही मोठं उभारायलाच नको. मावशी स्वतःच म्हणाल्या की आठ दिवस आधी सगळे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घेऊ, मांडवात कोणाच्या डोक्यात पडायला नको. आजीच्या खुर्चीखाली फळी टाकायची हे पण त्यांनीच सुचवलं, नाहीतर पाय वाळूत रुततात.

साडेपाचला मी आणि भावाने किनाऱ्यावर आईची शाल अंतरपाटासारखी धरून बघितली. वारा असला होता की शाल भावाच्या तोंडावर जाऊन बसली, खालची टोकं हातात राहीनात, आणि आईने मूठभर वाळू अक्षता म्हणून टाकली ती तिच्याच अंगावर आली. पण सूर्य टेकल्यावर परत धरली तेव्हा वारा बराच पडला होता. तरी अंतरपाटाच्या खालच्या काठात बारीक दांडी शिवून घ्यायची आणि अक्षता समुद्राकडे तोंड करून कोणी टाकायच्या नाहीत हे वहीत लिहून ठेवलं.

रात्री मावशींनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून परत पाला आणि मडकं उपडं घालून जाळ. पाला काढल्यावर जो वास सुटतो तो मला आत्ता लिहिताना पण येतोय. हळदीच्या संध्याकाळी हीच करायची असं ठरलं, आणि निघताना प्रत्येक घराला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ, कारण तोवर नवा कांदा निघायला लागलेला असेल.

तिथूनच विहीणबाईंना फोन लावला. बुधवार म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या, सगळ्यांना रजा काढायला लागणार. मग आईने त्यांना पाण्याचं सगळं नीट समजावलं, शालीचं पण सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, अहो मग द्वितीयाच धरा, मुलांना तो सूर्य नीट बघायला मिळू दे. गुरुजींचा होकार दहा मिनिटांत आला.

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या बुधवारला पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "मुलाकडचे मासे खातात ना?"