सासरी जपानी वाचणारी मी एकटीच

माझं सासर जपानी आहे म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींना लगेच सुशी आणि किमोनो दिसायला लागतात. प्रत्यक्षात सासर आहे ब्राझीलच्या साओ पावलोत. जेवणात रोज घेवड्याची उसळ आणि भात, भांडणं पोर्तुगीजमध्ये, आणि अख्ख्या गोतावळ्यात कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, वाचता येणारी मी एकटी. तीही पुण्यात क्लास लावून शिकलेली.

जपानी माणसं ब्राझीलमध्ये आली ती कॉफीच्या मळ्यांवर राबायला. 'कासातो मारू' नावाची बोट १८ जून १९०८ ला सांतोस बंदराला लागली. तिच्यात ७८१ जण होते, त्यातले ३२५ ओकिनावाचे, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे. सासूबाईंचे वडील बरेच नंतर, १९३४ साली, आईवडिलांचं बोट धरून आले. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. थोरला भाऊ गावीच राहिला, कारण ओकिनावात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आणि घराण्याचं थडगं थोरल्यानेच सांभाळायचं. पाच वर्षांत पैसे गाठीला बांधून परत, असं ठरलं होतं म्हणे. सगळ्यांचंच तसं ठरलेलं असायचं.

मग युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने जपानशी संबंध तोडले, चारचौघांत जपानी बोलायचीही चोरी झाली. १९४५ मध्ये ओकिनावावर लढाई झाली, तिच्या बातम्या आल्या आणि इकडच्यांनी धरून चाललं की तिकडे कुणी उरलं नाही. पत्रं थांबली ती थांबलीच.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई परसात कारली काढत होत्या. कारल्याला त्या 'गोया' म्हणतात. ओकिनावाचं त्यांच्याकडे उरलेलं बहुतेक सगळं स्वयंपाकघरात आहे. काढता काढता म्हणाल्या, "काका कधी गेले तेवढं तरी कळायला हवं. उदबत्ती कोणत्या दिवशी लावायची?"

मला वाटलं, सोपं आहे. जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची कोसेकी नावाची नोंद असते, गावच्या कचेरीत. आपल्या सातबाऱ्यावर जमिनीऐवजी माणसं लिहिली तर कसं दिसेल, तसं काहीसं. थेट वंशजाला तिची नक्कल मिळते. पण ओकिनावाच्या मुख्य बेटावरच्या या वह्या लढाईत जळाल्या आणि नंतर लोकांनी सांगितलं त्यावरून नव्याने लिहिल्या गेल्या. शिवाय गावाचं नाव कुणाला धड आठवेना, आणि आडनाव ओशिरो. ओकिनावात ओशिरो शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं.

ओकिनावातल्या नाहा शहरातलं प्रांताचं सरकारी ग्रंथालय परदेशी गेलेल्यांच्या वंशजांना मुळं शोधून देतं, हे मला अपघातानेच कळलं. नाव, जन्मसाल, देश सोडल्याचं साल असं जे होतं ते पाठवलं. तीन आठवड्यांनी जुन्या यादीतल्या एका पानाची प्रत आली आणि तिच्यात गाव होतं. सोबत प्रश्न : घराचं नाव माहीत आहे का?

हे मला बरोबर कळलं, कारण मी कोकणातली. आमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे 'खालच्या घरातली' म्हटल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. ओकिनावाच्या गावांतही तसंच, पूर्वेचं घर, मागलं घर, नवं घर. पण सासूबाईंना असलं काही नाव ठाऊक नव्हतं. मामेसासऱ्यांना विचारलं तर ते हसले, "आपल्या घराला कसलं नाव? केळीच्या बागेला होतं तेवढं."

बाग म्हणजे साओ पावलो राज्यातल्या जुकियाच्या रेल्वेलाइनवरची, आजेसासऱ्यांनी उभी केलेली. पावसाळी, हिरवीगार जागा, मला तर थेट चिपळूणला आल्यासारखं वाटतं. फाटकावर फळी आहे, त्यावर रंगवलंय 'मिआग्वा'. 'आग्वा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये पाणी, शेजारून ओढा वाहतो, त्यामुळे तीन पिढ्यांनी तो पाण्याचाच काहीतरी शब्द समजून सोडून दिलेला. मी ग्रंथालयाने सुचवलेल्या गावच्या इतिहासात घरांची यादी चाळत होते आणि एका ओळीवर थांबले. मीयाग्वा. मी म्हणजे नवं, या म्हणजे घर, ग्वा म्हणजे धाकटं. धाकटं नवं घर! आजोबा रोज आपल्या घराच्या नावाखालून जा-ये करत होते आणि कुणाला कधी बोलले नाहीत.

गावच्या सभागृहात फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी घराचं नाव ऐकून एवढंच विचारलं, "ब्राझीलवाले का?"

चुलतभाऊ हयात होते, थोरल्याचा मुलगा, पंच्याऐंशीचे. आम्ही पत्र पाठवलं. सहा आठवडे उत्तर नाही. सासूबाई रुसल्या, नवरा म्हणाला पत्ता चुकला असेल. मला वेगळाच संशय होता. तीन पिढ्यांनी भाऊबंद उगवला की आपल्याकडे काय वाटतं? नाव लावायला आला! दुसऱ्या पत्रात मी स्वच्छ लिहिलं की जमीनजुमल्यातलं काही नको, तारीख तेवढी हवी. आठ दिवसांत त्यांच्या मुलीचं चार ओळींचं, अतिशय अदबीचं उत्तर आलं. खाली फोन नंबर.

आमच्यात आणि त्यांच्यात बरोबर बारा तासांचं अंतर. घड्याळ तेच, फक्त आमच्याकडे रात्रीचे आठ. पडद्यावर खुर्चीत ताठ बसलेले म्हातारे गृहस्थ. पहिला प्रश्न, "पत्रं का बंद केलीत?"

सासूबाई पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्ही सगळे मेलात." आता हे जिवंत माणसाला अदबशीर जपानीत कसं सांगायचं? माझी जुळवाजुळव चालली होती तोवर सासूबाई स्वतःच पुढे वाकून म्हणाल्या, "नीनी." ओकिनावात थोरल्या भावाला नीनी म्हणतात. लहानपणी त्या आपल्या दादाला म्हणायच्या, तेवढा शब्द शिल्लक होता. गृहस्थ उठून गेले. बराच वेळ आम्ही रिकामी खुर्ची आणि फिरणारा पंखा बघत बसलो.

परत आले ते चष्मा आणि फाईल घेऊन. नव्याने लिहिलेल्या कोसेकीत थोरल्या भावाने ब्राझीलला गेलेल्या सगळ्यांची नावं घातली होती, सासूबाईंच्या वडिलांचं जन्मतारखेसकट. ती मी वाचून दाखवली.

"चूक आहे," सासूबाई ओरडल्या. "पपांचा वाढदिवस तीन दिवस आधी!"

"माझ्या वडिलांनी सांगितलेली आहे," नीनी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली ही दोन म्हातारी माणसं पंधरा मिनिटं त्या तीन दिवसांवरून भांडली, माझ्यामार्फत. लढाईच्या वेळी नीनी पाच वर्षांचे होते. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. काकांची तारीख मात्र मिळाली. ती आता फ्रिजवर चिकटवली आहे.

फोन ठेवता ठेवता नीनींनी फाटकावरच्या फळीचा फोटो मागितला. सासूबाईंच्या मते रंग उडालेली फळी पाठवणं बरं दिसत नाही, आधी रंगवायची. मामेसासरे म्हणतात, आहे तशीच पाठवा. शिवाय रंगवायचीच तर पोर्तुगीज अक्षरं ठेवायची की जपानी घालायची, यावर गेले दोन रविवार जेवणं लांबलीत. अक्षरं काढून द्यायचं काम कुणाकडे, ते सांगायला नकोच.