सत्ती, निर्मोण आणि घुमट

लिस्बनला येऊन मला सहा वर्षे झाली. दर महिन्याच्या अखेरीस, त्या महिन्यात मी जे खेळलो, पाहिले आणि ऐकले त्यांपैकी सर्वांत आवडलेले मी एका वहीत टिपून ठेवतो. आजवरच्या बहुतेक नोंदी एकट्याने घेतलेल्या आनंदाच्या आहेत: कामावरून परतल्यावर फोनवर अनोळखी माणसाशी खेळलेला बुद्धिबळाचा डाव, तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने संपवलेला चित्रपट, मेट्रोत कानाला लावून ऐकलेले गाणे. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, निमित्ताने महिनाभराची रजा काढून मी गोव्यात बांदोड्याला घरी राहिलो आणि वहीचे ते पान इतके निराळे भरले की ते तुमच्यासमोर ठेवावेसे वाटले.

आधी पत्त्यांविषयी सांगतो, कारण महिन्याचा सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता. लिस्बनमध्ये माझ्या घराजवळच्या बागेत दुपारच्या वेळी निवृत्त मंडळी मेजाभोवती बसून सुएका नावाचा डाव खेळतात. वर्षभर मी तो उभ्याने पाहिला आणि मग एके दिवशी चौथा भिडू न आल्याने मला बसवून घेण्यात आले. समोरासमोरचे दोघे एका बाजूचे असतात. अठ्ठ्या, नव्व्या आणि दश्श्या काढून टाकल्यावर 40 पाने उरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 10 येतात. हुकमासाठी बोली नाही, वाटताना एक पान उघडे केले जाते आणि त्या पानाचा रंग तोच हुकूम. एक्क्याचे 11 गुण, राजाचे 4, गुलामाचे 3 आणि राणीचे 2. पण एक्क्याच्या खालोखाल राजा नसून सत्ती आहे आणि तिचे 10 गुण आहेत. सगळे मिळून 120 होतात, 61 ज्यांच्याकडे गेले त्यांचा डाव.

आमच्या घरी चवथीच्या रात्री तीनशे चार नावाचा पत्त्यांचा डाव रंगतो. त्यात गुलाम 30, नव्वी 20, एक्का 11, दश्शी 10, राजा 3 आणि राणी 2, म्हणजे एका रंगाचे 76 आणि चारी रंगांचे 304. सत्ती आणि अठ्ठी मात्र शून्याच्या. पूजेच्या दुसऱ्या रात्री, माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीतल्या, पिकत चाललेल्या केळ्यांचा वास ओटीभर पसरलेला असताना, मी काकांना, मोठ्या आतेभावाला आणि त्याच्या मुलीला सुएका शिकवायला बसलो. नियम काकांनी एकदाच ऐकून पाठ केले, पण हाताची पन्नास वर्षांची सवय डोक्याचे ऐकत नव्हती. पहिल्याच हाताला त्यांनी बदामाची सत्ती, नको असलेले पान टाकावे तशी, सहज टाकून दिली आणि माझ्या त्या पुतणीने ती एक्क्याने उचलली. "काका, एका पानात दहा गुण गेले," असे तिने सांगितल्यावर त्यांनी ते पान तिच्या ढिगातून पुन्हा हातात घेतले, दिव्याकडे धरून थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षे हिला मी कधी नीट धरलेच नाही." त्यानंतर त्या रात्री त्यांची एकही सत्ती वाया गेली नाही.

खेळ म्हणून पाहिले तर मला तीनशे चारच श्रेष्ठ वाटतो. त्यातली बोली, पालथा ठेवलेला हुकूम, तो केव्हा उघडायला लावायचा याचा अंदाज, हे सारे सुएकात नाही. तिथे हुकूम कोणाच्या हिशेबावर ठरत नाही, उघडलेले पान तो ठरवते. पण नेमक्या त्याच कारणामुळे सुएका काकांना आवडला. बोली लावणारा माणूस हरला तर स्वतःला दोष देतो, इथे जे पान उघडले ते उघडले, पुढे खेळायचे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढचे चौदा दिवस आमच्या ओटीवर रोज रात्री दोन्ही डाव झाले.

चित्रपट महिन्याभरात एकच पाहिला, तोही आईबरोबर. फ्रँक फर्नांड यांनी निर्माण केलेला आणि ए. सलाम यांनी दिग्दर्शित केलेला 1966 सालचा कोकणी चित्रपट 'निर्मोण' आईने लहानपणी चित्रपटगृहात पाहिला होता आणि त्यानंतर कधीच नाही. निर्मोण म्हणजे प्राक्तन, विधिलिखित. टेनिसनच्या 'ईनॉक आर्डेन' या काव्यावर त्याची कथा बेतलेली आहे: समुद्रावर गेलेला माणूस बुडाला असे समजून त्याची पत्नी दुसऱ्याशी संसार थाटते आणि पुढे तो माणूस जिवंत परत येतो. याच दिग्दर्शकाने पुढल्याच वर्षी ती कथा हिंदीत 'तकदीर' या नावाने आणली. इंग्रजी काव्यातली ती गोष्ट गोव्यात किती सहज रुजली असेल हे समजण्यासाठी, आपल्याकडे गावागावांत तारवटी होऊन बोटींवर गेलेली माणसे होती आणि त्यांच्या पत्रांची वाट पाहणारी घरे होती, एवढे आठवले तरी पुरे आहे.

आम्हांला मिळालेली प्रत जुनी होती, आवाज मधूनच खरखरत होता. अभिनेते सी. आल्वारिस पडद्यावर येताच आई सरसावून बसली आणि पुढे काय होणार ते आधीच सांगू लागली. एरवी मला ते खपले नसते, पण त्या दिवशी चित्रपटापेक्षा तिचे ऐकणेच अधिक मोलाचे वाटत होते. नायक परतून येतो त्या भागाला मात्र ती एकदम गप्प झाली. चित्रपट संपल्यावर तिने मला फक्त एवढेच विचारले की लिस्बनहून निघालो की मी घरी कळवायला का विसरतो. मी विमानतळावर पोहोचल्यावर कळवतो, घरातून निघतानाच नाही. तिच्या लेखी त्या दोन तासांत मी कुठेच नसतो, हे मला तोवर सुचले नव्हते.

फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराच्या नावाचे मूळ लॅटिन 'फातुम' म्हणजे दैव, हे मला ठाऊक होते, परंतु निर्मोण आणि फादो हे एकाच अर्थाचे शब्द आहेत हे त्या रात्री माटोळीखाली पडल्या पडल्या प्रथमच लक्षात आले. युनेस्कोने 2011 मध्ये वारशाच्या यादीत घेतलेले हे गायन लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीतल्या लहान खाणावळींत ऐकायला मिळते. दिवे मंद होतात, वाढपी जागच्या जागी थांबतो, 12 तारांची पोर्तुगीज गितार सुरू होते आणि गाणे संपेपर्यंत कोणी चमचासुद्धा वाजू देत नाही. त्या शांततेवर माझे मनापासून प्रेम आहे.

तरीही या महिन्याचे संगीत माझ्या लेखी घुमट-आरतीचेच, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरतीचे. बोलतो आम्ही कोकणी, पण आरत्या मराठी. लहानपणापासून त्यांचे शब्द अर्थाआधी तोंडी बसलेले असतात. मातीच्या घुमटाच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्याने आता बकऱ्याचे कातडे चढवतात. जुने वादक आवाजातला फरक बोलून दाखवतात, मला स्वतःला घोरपड जिवंत राहिलेली अधिक बरी वाटते. पावसाळी हवेने कातडे सैल पडते, म्हणून आरतीआधी आतेभाऊ घुमट चुलीच्या उबेला धरून बोटाने टिचकी मारून पाहत राही आणि हवा तो नाद आला की काही न बोलता माझ्या हातात देई.

उजव्या हाताने वाजवणे मी विसरलो नव्हतो. विसरलो होतो तो डावा हात. मागचे लहान तोंड तळव्याने झाकायचे आणि नेमक्या मात्रेला मोकळे करायचे, त्यावरच घुमटाचा हुंकार अवलंबून असतो. पहिल्या दिवशी माझा तळवा अर्ध्या मात्रेने मागे पडत होता आणि शामेळ हे तालवाद्य वाजवणारा शेजारचा मुलगा, वय वर्षे बारा, माझ्याकडे पाहून मान हलवून मात्रा दाखवत होता. कासाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, ठणका, ओळीने उभे असलेले वीस-पंचवीस जण, लय वाढत गेल्यावर कोणाचा आवाज कोणाचा हे न कळणे. आल्फामात गाणे ऐकण्यासाठी सगळे थांबतात, आमच्या ओटीवर एकालाही थांबता येत नाही. पाचव्या दिवशी तळवा लाल झाला आणि हुंकार जागेवर पडू लागला. त्या मुलाने तेव्हा माझ्याकडे पाहणे सोडून दिले.

परत येताना घुमट आणता आले नाही, मातीचे भांडे विमानात सुखरूप राहील याची खात्री नव्हती. निघताना या खेपेस मी घराच्या उंबऱ्यावरूनच फोन केला, तो लिस्बनहून नव्हे, बांदोड्याहून आणि लिस्बनच्या त्या बागेतल्या माझ्या भिडूला. काल रात्री काकांचा निरोप आला: दोन्ही बाजूंना साठ-साठ झाले आहेत, तर डाव कोणाचा? बरोबरीचा, असे मी लगेच कळवले. त्यावर त्यांनी लिहिले की चारही सत्त्या त्यांच्याकडेच होत्या.