गोणीसह वजन

दादाला गांजाच्या केसमध्ये शिक्षा सुनावली तेव्हा मी कोर्टाच्या पायरीवर बसलेले, १० वर्षं सक्तमजुरी, १ लाख दंड, दंड नाही भरला तर अजून आत, सगळं कानावर पडत होतं पण डोक्यात काही शिरत नव्हतं. घरचे म्हणाले आता संपलं. वकिलांनी तर त्यानंतर फोनच उचलला नाही.

संपलेलं नव्हतं. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला ६० दिवस असतात, आणि त्यातले आमचे २३ नुसते रडण्यात गेले. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती लगेच घ्या. जेलमध्ये असलेल्या माणसाला मोफत वकील मागता येतो, त्याला उत्पन्नाची अट नसते, हेही आम्हाला फार उशिरा कळलं.

मला वाटायचं अपील म्हणजे केस पुन्हा पहिल्यापासून, साक्षीदार परत येणार. तसं नसतं हो, खालच्या कोर्टात जे कागदावर आलंय त्यावरच बहुतेक सगळं चालतं. म्हणून मीच रात्री रात्री बसून कागद वाचायला घेतले आणि पंचनाम्यात एका ओळीवर अडकले. 'दोन गोण्या, गोणीसह वजन २० किलो ९०० ग्रॅम'.

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा २० किलोच्या वर गेला की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्याचं प्रमाण, मग १० वर्षांच्या खाली जजनाही जाता येत नाही. २० च्या आत असेल तर १० वर्षांपर्यंत, म्हणजे तीनही होऊ शकतात, पाचही. शिवाय कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आमच्या केसमध्ये पानं, काड्या, गोणी, सगळं एकदमच काट्यावर चढवलेलं.

दादाची काहीच चूक नाही असं मी म्हणत नाही, तो त्या टेम्पोत होता. पण न केलेल्या किलोंची वर्षं त्याने का भोगायची?

नवीन वकील मॅडमना मी आधी कलम ५० विचारलं, झडतीचं, कारण सगळे तेच सांगत होते. त्या म्हणाल्या, "अहो ताई, ते अंगझडतीला लागतं, गोणीला नाही." मग वजनाची ओळ दाखवली तर त्यांनी चष्मा काढून परत लावला आणि दोनदा वाचली. म्हणाल्या दोषी ठरवलं तो एक मुद्दा आणि शिक्षा किती हा दुसरा, अपीलात दोन्ही वेगवेगळे मांडायचे, पहिला नाही टिकला तरी दुसरा टिकू शकतो. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर न काढता जागेवरच काढले तेही कलम ५२ए खाली मुद्दा म्हणून घेतलंय.

अपील दाखल झालंय, वेळेत. शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून वेगळा अर्ज आहे, कायद्यात त्याला बंदी होती पण २००० साली सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टाचा तो अधिकार परत दिला. तरी कमर्शियलचा शिक्का असेपर्यंत जामीन अवघड करणारं कलम ३७ आडवं येतंच, म्हणजे परत त्या वजनावरच येऊन थांबतो.

जेलमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा दादाने तब्येत, घर काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "रिकामी गोणी किती भरत असेल गं?"

घरी येऊन तशीच एक गोणी काट्यावर ठेवली. मॅडमनी आधीच सांगितलेलं की हा काही पुरावा होत नाही, तरी ठेवली. ६०० ग्रॅम.