खोपोलीच्या सहलीसाठी दोनच लेन्स

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे कोल्हापूरहून खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जाणार आहोत आणि गेला आठवडाभर कोणती लेन्स न्यावी, हाच विचार माझ्या डोक्यात घोळतो आहे. मागच्या सहलीत तीन नेल्या होत्या. दुपारपर्यंत खांदा भरून आला आणि धाकटी पहिल्यांदा पाळण्यात बसली, तेव्हा मी लेन्स बदलण्यात गुंतलो होतो. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

म्हणून या वेळी १८-१३५ मिमीची झूम लेन्सच दिवसभर कॅमेऱ्यावर राहील. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर दीडपटीने पाहिल्यास तिचा आवाका सुमारे २७ ते २०० मिमी होतो, त्यामुळे रांगेत उभे असलेले सगळे कुटुंबही मावते आणि उंचावरच्या राइडमधला चेहराही जवळ आणता येतो. मात्र लांबच्या टोकाला ती एफ/५.६ पलीकडे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). म्हणून अंधाऱ्या दालनांसाठी ३५ मिमी एफ/१.८ सोबत घेईन. ती त्या टोकापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ५० मिमी माझी आवडती, पण बंदिस्त जागेत मागे सरकायला वाव नसतो.

काल तिन्हीसांजेला रंकाळ्यावर दोन्ही लेन्स घेऊन फिरलो. दिव्याच्या उजेडात आईने भेळेवर लिंबू पिळले, तो थेंब ३५ मिमीने स्वच्छ टिपला. पाण्याच्या राइडजवळ मात्र लेन्स अजिबात बदलायची नाही, हे मी आधीच ठरवून टाकले आहे.